वारा, पाणी आणि परवाना

आपल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांना समुद्र नाही. इकडच्या पुष्कळ माणसांनी तो डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. तरी आपल्या कालवणात पडते ते मीठ समुद्राच्या पाण्याचे. देवापुढे फुटतो तो नारळ किनाऱ्याकडचा. पानात घालायची सुपारी कोकणची. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीही असेच होते. तेव्हा ना मोटार होती, ना आगगाडी. मग हा माल घाटावर यायचा कसा?

चिपळूणजवळ वाशिष्ठी नदीवर गोवळकोट नावाचे ठिकाण आहे. भरतीच्या पाण्याबरोबर लहान होड्या, पडाव, तिथपर्यंत येत. माल उतरे. तो बैलांच्या पाठीवर लादला जाई. बैलांचे तांडे कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे येत. पार घाटाने महाडकडचा माल वाईला येई. राजापूरचा माल अणुस्कुरा घाटाने वर चढे आणि कोल्हापूर, मिरज या बाजूला जाई.

तांडा गावात येई तेव्हा लोक तांडेवाल्याला पाहत. पण त्याच्याही आधी हा माल वाहून आणणारा एक माणूस होता. तो घाटावर कधी दिसत नसे. तो होता गलबतावरचा खलाशी. आज त्याची हकिगत वाचू.

गलबतावरची माणसे

मालाच्या मोठ्या जहाजाला आपल्याकडे शिबाड म्हणत. मधल्या आकाराचे ते गलबत. त्याहून लहान मचवा आणि पडाव. ही जहाजे सागवानी लाकडाची असत. फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ ठासून भरत, म्हणजे पाणी आत येऊ नये. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक किडा असतो. तो लागू नये म्हणून जहाजाच्या बुडाला तेल आणि चुना यांचा लेप देत.

जहाज चालवणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही. अकबर बादशहाच्या दरबारातील अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या शेवटी 'ऐने अकबरी' हा ग्रंथ लिहिला. त्यात जहाजावरच्या बारा प्रकारच्या माणसांची नावे आहेत. नाखुदा हा जहाजाचा मुख्य. त्यालाच आपण नाखवा म्हणतो. मुअल्लिम हा तारे पाहून वाट सांगणारा. तांडेल हा खलाशांचा मुकादम. भंडारी शिधा सांभाळणारा. सुकाणू धरणारा वेगळा. एक माणूस डोलकाठीच्या टोकावर बसे. जमीन दिसली, दुसरे जहाज दिसले, वादळ दिसले की त्याने वरून ओरडून सांगायचे. आणि एकाचे काम होते, जहाजात झिरपलेले पाणी उपसून बाहेर टाकायचे.

आणि सगळ्यांत शेवटी साधा खलाशी. शीड चढवायचे त्याने. उतरवायचे त्याने. दोर ओढायचे, नांगर उचलायचा, माल चढवायचा-उतरवायचा, तेही त्यानेच. वादळात शीड फाटले तर डोलकाठीवर चढायचे तेही त्यानेच. खाली खवळलेले पाणी आणि वर हेलकावणारी काठी. हात सुटला की माणूस गेला.

वाऱ्याचे पंचांग

शेतकऱ्याला जसा पाऊस, तसा खलाशाला वारा. आपण मृगाची वाट पाहतो. तो वारा फिरण्याची वाट पाहतो.

आपल्या समुद्रावर वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. हिवाळ्यात तो जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे ईशान्येकडून नैऋत्येकडे वाहतो. उन्हाळा संपताना तो फिरतो आणि नैऋत्येकडून आपल्याकडे येऊ लागतो. हाच वारा पाऊस घेऊन येतो. यालाच आपण मोसमी वारा म्हणतो. 'मोसम' हा शब्द अरबी आहे. त्यावरूनच इंग्रजीत 'मान्सून' हा शब्द आला.

आता हिशेब पाहा. कोकणातून अरबस्तानात मोखा बंदराला जायचे, तर हिवाळ्याचा वारा पाठीशी हवा. म्हणून जहाजे थंडीत, उशिरात उशिरा उन्हाळा सुरू होताना निघत. अंतर तीन हजार किलोमीटरांहून जास्त. वारा चांगला मिळाला तर महिनाभराची वाट. पण परत कसे यायचे? समोरच्या वाऱ्यावर शिडाचे जहाज नीट चालत नाही. तेव्हा वारा फिरेपर्यंत तिकडेच थांबायचे. आषाढात वारा फिरलेला असतो, पण समुद्र इतका खवळलेला असतो की जहाज टिकत नाही. म्हणून श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास परत फिरायचे.

म्हणजे शिमग्याच्या आधी घर सोडलेला माणूस गणपतीच्या सुमारास घरी यायचा. तोही सगळे सुरळीत झाले तर. मोसम चुकला तर जहाज परक्या बंदरात अडकून पडे. तारेची सोय नाही, टपाल नाही. घरच्यांना कळायचे कसे, की माणूस अडकला आहे की बुडाला आहे? बायकापोरे दर्याकडे पाहत बसत.

पावसाळ्यात किनाऱ्यावरची गलबते वाळूवर ओढून ठेवत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून नवा मोसम सुरू होई. कोळी बांधव आजही हा सण पाळतात. त्यामागे असे वाऱ्याचे शास्त्र आहे, बरं का.

रात्री वाट कशी सापडे? ध्रुवतारा पाहून. एक लाकडी फळी असे. तिच्या मधोमध एक दोरी आणि दोरीला गाठी. गाठ दातांत धरायची, फळी डोळ्यांसमोर धरायची आणि ध्रुव किती उंच आहे ते मोजायचे. आपण उत्तरेला किती आलो, दक्षिणेला किती गेलो, हे त्यावरून कळे. या साधनाला 'कमाल' म्हणत. पण आभाळ भरून आले, तर ध्रुव कुठला आणि कमाल कुठली!

पाणी आणि पोट

समुद्राचे पाणी पिता येत नाही. का? त्यात मीठ फार. ते मीठ बाहेर टाकायला शरीराला प्यालेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी खर्च करावे लागते. म्हणून खारे पाणी प्यायला की तहान वाढते आणि माणूस मरणाकडे जातो.

त्यासाठी गोडे पाणी लाकडी टाक्यांत आणि पिंपांत भरून नेत. थोड्या दिवसांत त्याला वास येई, त्यात किडे होत. तरी तेच प्यायचे, आणि तेही मोजून. वारा पडला, जहाज एका जागी उभे राहिले, की प्रत्येकाच्या वाट्याचे पाणी कमी होई. जेवण म्हणजे भात, डाळ, सुके मासे, खजूर. समुद्र खवळला की चूल पेटवता येत नसे. मग कोरडे खाऊन दिवस काढायचा.

युरोपातल्या खलाशांचे हाल याहून वाईट. पोर्तुगालच्या लिस्बन शहरापासून गोव्याला यायला सहा महिने लागत. सगळ्या आफ्रिकेला वळसा घालावा लागे. इतके दिवस ताजे फळ नाही की भाजी नाही. मग खलाशांच्या हिरड्या सुजत, रक्त येई, दात गळत. जुन्या, भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. त्याने हजारो खलाशी मेले.

१७४७ साली जेम्स लिंड नावाच्या इंग्रज आरमारातील डॉक्टराने बारा आजारी खलाशी घेतले. दोघा-दोघांच्या सहा जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले. एका जोडीला रोज संत्री आणि लिंबू दिले. आठवड्याच्या आत ती जोडी सुधारली. बाकीच्यांना तेवढा गुण आला नाही. रोगाचे कारण अन्नातच होते. लिंबू, संत्रे, आवळा यांत जे 'क' जीवनसत्त्व असते, ते न मिळाल्याने हा रोग होतो. पण लिंडचा हा अनुभव आरमाराने सगळीकडे लागू केला तो १७९५ मध्ये. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली. इलाज सापडला होता, तरी तो खलाशाच्या तोंडापर्यंत पोहोचायला एवढा काळ लागला.

परवान्याचा कागद

वारा, पाणी, रोग, वादळ. ही संकटे निसर्गाची. त्यांच्याशी खलाशी पिढ्यान्‌पिढ्या झगडत आला होता. पण सोळाव्या शतकात एक नवे संकट आले. ते होते कागदाचे.

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला. पोर्तुगीज लोकांपाशी तोफांची जहाजे होती. १५०८ च्या डिसेंबरात त्यांनी आपले दाभोळ बंदर जाळले. दाभोळ म्हणजे वाशिष्ठीच्या मुखावरचे, त्या काळचे नांदते बंदर. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. आणि सगळ्यांना बजावले, की या समुद्रावर जहाज न्यायचे तर आमचा परवाना घ्या.

या परवान्याला ते 'कार्ताझ' म्हणत. त्यावर काय लिहिलेले असे? जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, जहाज केवढे, त्यावर हत्यारे किती, ते कुठून निघणार आणि कुठे जाणार. अमुक माल न्यायचा नाही, अमुक माणसे न्यायची नाहीत. वाटेत आमच्या ठाण्यावर जकात भरायची. परवान्याची फी थोडी असे. खरा पैसा जकातीत होता.

समुद्रात पोर्तुगीज जहाज आडवे आले की पहिला प्रश्न, "कार्ताझ आहे?" नसला तर माल जप्त, जहाज जप्त. खलाशांना ठार करत, नाही तर साखळदंड घालून वल्ही मारायला बसवत. कार्ताझ असला आणि त्यात लिहिलेले नाही असे काही जहाजावर सापडले, तरी तीच गत.

समुद्र कुणाच्या बापाचा नव्हता. पण तोफेपुढे बोलणार कोण? अकबर बादशहा एवढा मोठा, पण त्याची जहाजेही हा परवाना घेऊन मक्केच्या वाटेला जात.

आता गरीब खलाशाचा विचार करा. कागद पोर्तुगीज भाषेत. ती लिपी त्याला येत नाही. कागदात काय लिहिले आहे ते त्याला ठाऊक नाही. कागद केला व्यापाऱ्याने, जकात बुडवली कुणी, बंदी असलेला माल गोणीत भरला कुणी, याची त्याला खबर नाही. पण पकडले गेल्यावर वल्ह्याला बांधला जायचा तो खलाशीच. त्याचा जीव एका कागदावर होता आणि तो कागद त्याला वाचता येत नव्हता.

शिवाजी महाराज आणि सातारा दरबार

ही गोष्ट शिवाजी महाराजांनी ओळखली. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आली आणि त्यांनी आरमार उभारायला सुरुवात केली. आरमार नुसते लढाईसाठी नव्हते. १६६५ साली इंग्रज व्यापाऱ्यांनी लिहून ठेवले आहे, की शिवाजीच्या ताब्यातील आठ-नऊ बंदरांतून दर वर्षी दोन-तीन किंवा जास्त व्यापारी जहाजे इराण, बसरा, मोखा इकडे जातात. इकडून कापड, मिरी असा माल जाई. तिकडून खजूर, घोडे, रोकड येई. घाटावरच्या पागेत जे अरबी घोडे होते, ते समुद्र ओलांडून आलेले. भर समुद्रात घोड्याला दाणापाणी करायचे, हेही कष्ट खलाशाचेच.

१६७१ मध्ये महाराजांनी मिठाविषयी एक पत्र लिहिले आहे. गोव्याकडचे बारदेशचे मीठ स्वस्त पडत होते. व्यापारी तिकडे वळू लागले. असेच चालले तर आपली बंदरे ओस पडतील. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, असा महाराजांचा हुकूम आहे. बंदर ओस पडले की मिठागरवाला, खलाशी, तांडेवाला, तिघांचीही चूल विझते.

पुढे शाहू महाराज गादीवर आले आणि सातारा राजधानी झाली. तेव्हा किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांचा दरारा होता. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी त्यांची समजूत घातली. कान्होजी शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे मुख्य झाले. बाळाजी स्वतः कोकणातले, श्रीवर्धनचे. अशा रीतीने सातारचा दरबार समुद्राशी जोडला गेला.

कान्होजी म्हणाले, हा किनारा आमचा आहे, तेव्हा परवाना आमचा घ्या. त्यांच्या परवान्याला दस्तक म्हणत. पोर्तुगिजांनी कार्ताझ चालवला, मग आम्ही का नाही? त्यांची बाजू रास्त होती. पोर्तुगीज आणि इंग्रज त्यांना चाचा म्हणत, कारण त्यांच्या मक्तेदारीला त्यांनी अडवले.

पण खलाशाचे काय झाले? आता समुद्रावर एकच धनी राहिला नाही. पोर्तुगीज कार्ताझ मागत. आंग्रे दस्तक मागत. जंजिऱ्याच्या सिद्दीची धास्ती वेगळीच. इंग्रज कंपनीचाही परवाना निघाला. इंग्रजांचा परवाना घेऊन देशी व्यापाऱ्याचा माल नेला तर तो माल इंग्रजांचा समजायचा का, यावर आंग्रे आणि कंपनी यांची वर्षानुवर्षे भांडणे झाली. एकाचा कागद दाखवावा, तर दुसरा पकडी. त्यात युरोपातले खरे चाचे. १६९५ मध्ये एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे भले मोठे जहाज लुटले. बादशहाच्या जहाजाची ही दशा, तर आमच्या मचव्याची काय कथा!

यावर विचार करणारे लोक आपल्याकडे होते. रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्र' या ग्रंथात आरमारावर एक प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ. ज्या व्यापाऱ्याला आपण कौल, म्हणजे अभयाचा कागद दिला, त्याला आपल्याच आरमाराने उपद्रव देऊ नये, असे त्यात बजावले आहे. कागद दिला तर तो पाळला पाहिजे, हा त्यातला मुद्दा. आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरदस्तीने तोडू नयेत, असेही त्यात आहे.

पण घरात फूट पडली. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र आले. विजयदुर्ग पडला आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. ते आरमार मराठ्यांचेच होते. त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारा कुणी राहिला नाही.

लंडनच्या रस्त्यावर

मग आपले खलाशी इंग्रजांच्या जहाजांवर जाऊ लागले. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर कोकणचे आणि गुजरातचे लोक असत. इंग्रज त्यांना लस्कर म्हणत.

इंग्लंडात १६६० चा एक कायदा होता. इंग्रजी जहाजावर चारातले तीन खलाशी इंग्रजच हवेत, असा तो कायदा. पण इकडे येईपर्यंत कितीतरी इंग्रज खलाशी मरत, नाही तर पळून जात. मग जहाज परत न्यायला आपली माणसे घ्यायची. जहाज लंडनला पोहोचले की तोच कायदा दाखवायचा, आणि परतीच्या जहाजावर काम द्यायचे नाही. थंडीचा देश, अंगावर पातळ कपडे, भाषा येत नाही. पुष्कळ खलाशी रस्त्यावर उपाशी राहिले. १७८६ मध्ये तिथल्या काही दयाळू लोकांनी त्यांच्यासाठी वर्गणी जमवली, एवढी त्यांची दशा झाली होती.

पुढच्या काळात भरती सारंगामार्फत होई. सारंग म्हणजे खलाशांचा नाईक. तो आगाऊ रक्कम देई आणि पगारातून आपला वाटा काढून घेई. करार असे, पण तो इंग्रजीत. खलाशी खाली अंगठा उठवी.

आजचा कागद

५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' नावाची आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. ती हिंदी लोकांच्या मालकीच्या सिंदिया कंपनीची होती. या कंपनीच्या उभारणीत वालचंद हिराचंद यांचा मोठा वाटा होता. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्याच नावाने आहे. ५ एप्रिल हा दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

आज शिडांच्या जागी इंजिने आली. वाट यंत्र दाखवते. पाणी जहाजावरच गोडे करता येते. तासगावची द्राक्षे थंड पेटीत बसून न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जातात. ती पेटी नेणारा खलाशीच असतो. आपल्या भागातली मुलेही आता या नोकरीला जातात.

परंतु कागद आहेच. जगातल्या देशांनी मिळून खलाशांसाठी २००६ मध्ये एक करारनामा केला. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्याप्रमाणे प्रत्येक खलाशाला लेखी करार मिळाला पाहिजे. पगार किती, काम काय, रजा किती, घरी परत आणण्याचा खर्च कुणाचा, हे त्यात लिहिलेले हवे. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. भरती करणाऱ्या दलालाकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना पाहिजे.

तरीही फसवणूक होते. गावात कुणी येतो. "दोन-तीन लाख द्या, पोराला जहाजावर लावतो," म्हणतो. लोक शेत गहाण टाकून पैसे देतात. अशा वेळी तीन गोष्टी करा. त्याचा परवाना दाखवायला सांगा. करार हातात घेऊन वाचा. इंग्रजीत असेल तर जाणत्या माणसाकडून मराठीत समजून घ्या. आणि वाचल्याशिवाय सही करू नका.

कार्ताझच्या काळात खलाशाला वाचता येत असते, तरी तोफ काही थांबली नसती. ते खरे. पण आज तोफ नाही. आज नुसता कागद आहे, आणि तो आपल्याला वाचता येतो.

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

१. मोखाला गेलेले गलबत लगेच परत का येऊ शकत नसे?
२. समुद्राचे पाणी प्याल्याने तहान का वाढते?
३. कार्ताझवर काय काय लिहिलेले असे?
४. आपल्या गावातून कुणी जहाजावर किंवा परगावी नोकरीला गेले आहे का? त्याचा करार घरच्यांनी वाचला आहे का?